गळती

आईचं मनगट फाल्गुनात मोडलं. मागच्या दारच्या मोरीत, लग्न होऊन आल्यापासून जिथं रोज पाय ठेवला त्याच दगडावर ती घसरली. उजवा हात, सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यातून परतताना रिक्षात तिनं पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या हाताबद्दल नव्हता.

"पाडवा कितीला आहे गं? गळती कोण भरणार?"

हरिपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला महादेवाचं एक बुटकं देऊळ आहे. संगमेश्वर नव्हे. संगमेश्वर मोठा, कृष्णा-वारणेच्या संगमावरचा. श्रावणी सोमवारी त्याच्याकडे अख्खी सांगली लोटते. आमचा महादेव गल्लीपुरता. त्याच्या पिंडीवर पाडव्याला एक लोखंडी तिकाटणं उभं राहतं, तिकाटण्यावर तांब्याचं भांडं, भांड्याच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात दर्भाची काडी. त्या काडीवरून पाणी थेंब थेंब पिंडीवर पडत राहतं, रात्रंदिवस, थेट मृग लागेपर्यंत. ही गळती. पोथीतले लोक तिला गलंतिका म्हणतात. हलाहल पिऊन देवाच्या अंगाची आधीच आग झालेली, त्यात हा सांगलीचा उन्हाळा, तेव्हा दोन महिने त्याच्या डोक्यावर पाणी धरायचं, असा साधा हिशेब. गल्लीत हे काम पूर्वी घराघरात वाटून होतं. घरं रिकामी होत गेली तसं ते आकसत आकसत आईपाशी येऊन थांबलं.

भाऊ पुण्यात. मी सांगलीतच, विश्रामबागेत, म्हणजे हरिपूरपासून 6-7 किलोमीटर. त्यामुळे "कोण भरणार" या प्रश्नाचं उत्तर रिक्षातच ठरलं होतं. मी ते आनंदानं दिलं असं म्हणणार नाही.

मी एका सहकारी बँकेत वसुली बघते. मार्चमध्ये वसुली बघणारा माणूस कसा होतो हे त्याच्या घरच्यांना विचारावं. दिवसभर थकबाकीदारांना फोन, संध्याकाळी वरच्यांना आकडे, रात्री पुन्हा ते आकडे स्वप्नात. 31 तारखेला सगळं जग म्हणतं संपलं एकदाचं. 1 एप्रिलला बँक लोकांसाठी बंद असते, आमच्यासाठी नसते. आमच्या धंद्यात एक नियम आहे: 90 दिवस हप्ता आला नाही की ते खातं अनुत्पादक. एनपीए. मग त्याच्यावर तरतूद करा, त्याला नोटीस काढा, त्याच्या दारात जा. वीस वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच बघायला लागतो. कुणाचा फोन किती दिवस आला नाही. कुणाकडे जाणं राहिलंय. आणि देवापुढं उभं राहिलं की पहिलं मनात यायचं ते हेच, की आपलं इथलं खातं कधीचं थकलंय.

कारण खरोखरच थकलं होतं. लहानपणी संगमावरच्या घाटावर बसलं की पाण्याकडे बघता बघता वेळ कुठं जायचा कळायचं नाही. ती सवय कधी सुटली तेही कळलं नाही. हात जोडले की यादी सुरू व्हायची. मुलाची परीक्षा, नवऱ्याची शुगर, आईचं एकटं राहणं. ते मागणंही नव्हतं, कामांचा आढावा होता.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मी यावर उपाय म्हणून एका थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. पहाटे ध्यान, मग काढा, मग "स्वतःला भेटा" अशा नावाचं एक सत्र. शिबिराला नावं ठेवत नाही, माणसं भली होती. पण पहिल्याच सकाळी डोळे मिटून आत बघा म्हटल्यावर मी बघितलं, आणि आत जे काही होतं त्यानं जीव इतका घाबरा झाला की उरलेले दोन दिवस मी लायब्ररीतली मासिकं चाळण्यात काढले. परत आल्यावर मैत्रिणींना सांगितलं, मस्त होतं, फ्रेश वाटलं.

तर 2024 चा पाडवा 9 एप्रिलला होता. त्या दिवसापासून माझा रोजचा रस्ता ठरला. सकाळी सहाला स्कूटी काढायची, गावातून बाहेर पडून हरिपूरच्या रस्त्याला लागायचं. हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना चिंचांबद्दल वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंनी जुनी झाडं. काही गेली, पण अजून पुष्कळ आहेत. गावातल्या रस्त्यांवर सकाळी सातलाच डांबर तापायला लागतं, आणि इथं शिरलं की मानेवरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं होतं. चैत्रात चिंचेला नवी पालवी असते, पोपटी, इतकी कोवळी की तोंडात टाकावी. आम्ही टाकायचोही. पहिले आठ-दहा दिवस मला यातलं काही दिसलं नाही. मी स्कूटीवर बसून त्या दिवशीच्या फोनांचा क्रम लावत होते.

पहिल्या आठवड्यातच गळती बंद पडली. भांडं भरलेलं, खाली पिंड कोरडी. गुरवकाकांनी भांडं उतरवून बूड बघितलं आणि हसले. "ताई, बोअरचं पाणी घातलंत व्हय?" घातलं होतं. जवळ होतं ते घातलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार इतके, की दोन दिवसांत त्या सुईएवढ्या भोकावर पांढरी खपली धरली होती. आईला हे माहीत होतं, पण तिला ते इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. मग नळाचं पाणी फडक्यानं गाळून आणायला लागले. काकांनी दर्भाची काडी कशी बसवायची तेही दाखवलं: सैल बसली तर धार लागते, घट्ट बसली तर थेंबच नाही. "थेंब पडल्यावर दुसऱ्या थेंबाला जरा वाट बघाय लागली पायजे," म्हणाले.

मग अर्थातच मी मोजायला बसले. आईच्या दवाखान्यात सलाइनच्या नळीच्या पाकिटावर वाचलं होतं, 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला तर मिनिटाला 3 मिलिलिटर, तासाला 180, दिवसरात्र मिळून सव्वाचार लिटर. पाडव्यापासून मृगापर्यंत 60 दिवस: साधारण 260 लिटर. आमच्या गच्चीवरची 500 लिटरची टाकी जेमतेम निम्मी भरेल एवढ्या पाण्यात महादेवाचा आख्खा उन्हाळा निघतो. हा आकडा मी आईला सांगितला. ती म्हणाली, "बरं झालं मोजलंस. मला कधी सुचलंच नाही." यात टोमणा होता की नाही, अजून ठरवू शकलेले नाही.

गंमत अशी की मोजणं फार टिकत नाही. सत्तर-ऐंशी थेंबांपर्यंत नीट जातं. मग मध्येच चिमण्यांचं भांडण होतं, किंवा एखादा थेंब बेलाच्या पानावर पडून वेगळा आवाज करतो, आणि आपण कुठं होतो ते निसटतं. पुन्हा एकपासून. असं चार-पाच वेळा झालं की मोजायची इच्छाच राहत नाही, पण उठावंसंही वाटत नाही. गाभारा थंड. ओला दगड, शिळा बेल, वटवाघळांचा तो तिखट वास, आणि टप्. पिंडीवरचं पाणी शाळुंकेच्या पन्हळीतून भिंतीबाहेरच्या दगडी कुंडीत पडतं. तिथं दिवसभर पाखरं. एकदा दुपारी मुंगूस येऊन पाणी पिऊन गेलं, अगदी घरच्यासारखं.

त्या कुंडीच्या वर, भिंतीवर, रंगानं मारलेली एक आडवी रेघ आहे. माझ्या डोक्याच्या वर हातभर. 2019 च्या ऑगस्टात पाणी इथवर आलं होतं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा ती 57 च्या वर गेली होती. त्या आठवड्यात हा देव पूर्ण पाण्याखाली होता, आणि आता आम्ही त्याला थेंब थेंब पाजतोय. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला मोठ्यानं हसू आलं. गाभाऱ्यात एकटं हसण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

हरिपूरला हळदीचं पेव ठाऊक नाही असं घर नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. ती हळद पूर्वापार ठेवली कशात जायची हे कमी लोकांना माहीत असतं. जमिनीत. इथल्या मातीला पाणी आत न झिरपू देण्याचा गुण आहे, म्हणून तिच्यात 20-25 फूट खोल खड्डे खणायचे. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, रांजणासारखं. आतून शेणामातीनं सारवायचं, पाला अंथरायचा, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. अशी हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही, रंग उतरत नाही. कारण आत हवाच नसते. 2005 च्या पुरानं यातली पुष्कळ पेवं खाल्ली, मग गोदामं आली, शीतगृहं आली. तरी ज्यांनी पेवात उतरून उमर काढली असे काही लोक अजून आहेत. त्यातले एक आमच्या शेजारचे मामा. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसतात, तंबाखू मळत.

एप्रिलच्या अखेरीस मी संध्याकाळचीही फेरी करायला लागले होते. एकदा मामांनी विचारलं, "बँकेत लई ताप हाय का गं ताई? तोंड उतरलंय." मी म्हटलं, ताप नेहमीचाच, पण आता सुट्टी असली तरी शांत बसवत नाही मामा. बसलं की आतून काहीतरी अंगावर येतं. ते जरा वेळ तंबाखू मळत राहिले आणि मग पेवाबद्दल बोलायला लागले. मला वाटलं विषय बदलला.

"पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. आत वारं नसतंय. वर्षा-दोन वर्षाचं कोंडलेलं. उतरला की माणूस खलास, वरच्याला कळत बी न्हाई. तोंड उघडायचं आणि बाजूला बसायचं. निम्मा दिस. मग दोरीनं कंदील सोडायचा आत. इझला, तर वर घ्यायचा, परत बसायचं."

"वरून पंखा लावून हवा नाही का घालता येत?"

"घालत्यात की. पण घाईत घातलेल्या वाऱ्यावर माझा इश्वास न्हाई."

मी घरी येताना चिंचांखालून अगदी सावकाश आले. त्या शिबिरातली पहिली सकाळ आठवत होती. कितीतरी वर्षांचं झाकण काढल्या काढल्या मी थेट आत उडी मारली होती, आणि गुदमरले तर दोष कधी स्वतःला दिला, कधी काढ्याला. बाजूला बसायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मग इथं, गळतीपाशी, मी दुसरं काय करत होते? आत बघत नव्हते. डोळेही मिटत नव्हते. काडी सरळ करत होते, पाणी ओतत होते, आणि थोडा वेळ बाजूला बसत होते.

याच दिवसांत घरात गौर बसलेली होती. चैत्र शुद्ध तृतीयेला ती येते आणि अक्षय्य तृतीयेला जाते, पुरा महिना. आईची गौर म्हणजे बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा. तिला लाकडी झोपाळ्यात बसवतात. दारात चैत्रांगण काढायचं असतं. शंख, चक्र, गाईची पावलं, तुळस, हत्ती, कासव, कायकाय. आईचा हात गळ्यात, तेव्हा तेही माझ्यावर. माझा हत्ती बघून समोरच्या वहिनींनी विचारलं, "हा बेडूक नवीन काढला का यंदा?"

हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री डाळ भिजत घातली. सकाळी जाडसर वाटली, कैरी किसली, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. पन्ह्याला गूळ, वेलदोडा, दोन काड्या केशर. ओले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. बायका आल्या, हरभऱ्यांनी ओट्या भरल्या, उन्हाच्या आणि सुनांच्या तक्रारी केल्या, गेल्या. सगळं आवरून मी गौरीपुढं बसले आणि सवयीनं यादी सुरू झाली. ओठ हलत असावेत. आई मागं बसली होती, म्हणाली, "तिला आत्ता काय सांगू नकोस."

"म्हणजे?"

"माहेरी आलीय ती. महिनाभर झोपाळ्यावर बसायला. माहेरी आलेल्या पोरीला कोण कामं सांगतं?"

मी गौरीकडे बघितलं. खरंच की. आमच्या एवढ्या देवादिकांत ही एकच, जी कुणाला मारायला किंवा तारायला आलेली नाही. नवरा तिकडं गल्लीच्या टोकाला डोक्यावर पाणी घेत बसलाय, आणि ही इथं झोके घेतेय, कैरीची डाळ खातेय. तिचं वर्षभराचं काम कुणी दुसऱ्याकडे सोपवलं, की पडून राहिलं? पडून राहिलं असेल तर राहिलं. जगाचं काही अडलेलं दिसत नव्हतं.

त्या दुपारी मी माजघरात शहाबादी फरशीवर नुसती आडवी झाले, पंखा बारीक करून. जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते. पदराशिवाय अंगावर पांघरायला काही नव्हतं, आणि कुणीतरी खिडकीला ओलं पोतं बांधलेलं होतं. एका हातानं कसं बांधलं असेल ते तिचं तिला माहीत. फोनवर सात मिस्ड कॉल. त्यातला एकही मी त्या दिवशी परत केला नाही. बाहेरून हे फार क्षुल्लक वाटेल, पण वसुलीवाल्या माणसाला विचारा.

मेच्या सुरुवातीला निवडणुकीची ड्यूटी लागली. आमच्याकडे मतदान 7 तारखेला होतं, म्हणजे 6 ला सकाळी यंत्रं ताब्यात घ्यायची आणि एसटीनं केंद्रावर. मला जत तालुक्यातलं एक गाव मिळालं. त्या गावाबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, इथं एवढंच. आदल्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. शाळेच्या आवारात मुक्काम, आणि संध्याकाळी शाळेसमोर टँकर आला. बायका घागरी घेऊन कधीच्या उभ्या होत्या. नळी विहिरीत सोडली तशी भोवतीनं पोहरे पडायला लागले. एक म्हातारी मागं राहिली, तिला दोन घागरी मिळाल्या, त्यातली एक तिनं आम्हा निवडणूकवाल्यांच्या माठात ओतली. आम्ही नको नको म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही.

रात्री त्या शाळेच्या व्हरांड्यात मला झोप येईना. सव्वाचार लिटर, सव्वाचार लिटर, डोक्यात तेच. म्हातारीची एक घागर म्हणजे महादेवाचे तीन-चार दिवस. दगडावर पाणी ओतायचं आणि इथं हे. हा प्रश्न नवा नाही आणि त्याची ठरलेली उत्तरंही मला येतात, दोन्ही बाजूंची. त्या रात्री एकही उपयोगी पडलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पडत नाही.

7 तारखेला यंत्रं परत करून घरी पोचायला मध्यरात्र उलटली. 8 ला सकाळी हरिपूरला गेले तर गळती रिकामी. निघताना मी समोरच्या वहिनींच्या मुलाला सांगून गेले होते, तो विसरला. गुरवकाका लग्नाला गेलेले. दर्भाची काडी वाळून वाकडी झालेली. पिंड कोरडी ठणठणीत, हात लावला तर उबदार. बाहेरच्या कुंडीत चार वाळकी पानं.

पोटात खड्डा पडला. दोन दिवस. पाडव्यापासूनची अखंड धार तुटली. मी मनात लगेच हिशेब मांडायला लागले: किती तास गेले, ते कसे भरून काढायचे, दुप्पट थेंब पडतील अशी काडी सैल करावी का, रुद्र सांगावा का. घरी जाऊन आईला सांगितलं, अगदी वरिष्ठांपुढं खुलासा द्यावा तसं, कारणांसकट. ती डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं दाबत होती. प्लॅस्टर निघालं होतं, पण घागर उचलायची परवानगी नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग भर," म्हणाली.

"अगं पण दोन दिवस..."

"ते गेले. आता भर."

विलंब शुल्क नाही, मागील बाकी नाही. मी पुन्हा देवळात गेले, नवी काडी बसवली, भांडं भरलं. पहिला थेंब पडायला बराच वेळ लागला. तो कोरड्या दगडावर पडला आणि तिथंच जिरला, दुसराही. पाच-सात थेंबांनी एक काळा ठिपका झाला, रुपयाएवढा. मी तिथं किती वेळ होते माहीत नाही. बँकेत उशिरा पोचले एवढं खरं. त्या वेळात मी काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. रडले थोडी. कशासाठी ते शोधायला गेले नाही. कंदील सोडून बघण्याएवढी वेळ झाली असावी, आणि तो विझला नाही.

दोन दिवसांनी आखिती. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला घडा दान करायचा असतो. आई दर वर्षी गुरवकाकांना देते. या वर्षी मी तिला जतची गोष्ट सांगितली होती. तिनं कुंभारवाड्यातून एकाऐवजी दोन माठ आणायला लावले, तिवईसकट. दुसरा चिंचांच्या रस्त्यावर, उसाच्या गाड्याशेजारी ठेवला, झाकणाला साखळीनं पेला बांधून. मी म्हटलं, एका माठानं जतचं काय होणार? "काय नाही होणार," आई म्हणाली. माठात पाणी घालायचं काम गाड्यावाल्यानं घेतलं, आणि मृगापर्यंत केलंही. पेला मात्र तीन वेळा चोरीला गेला, साखळीसकट.

गौर त्याच दिवशी गेली. झोपाळा पोटमाळ्यावर.

वैशाखातलं ऊन मग खरं सुरू झालं. नदी इतकी खाली गेली की संगमावर दगडी पायऱ्यांखालच्या, एरवी न दिसणाऱ्या पायऱ्या दिसायला लागल्या. कडेला केंदाळ साचलेलं. आमचा मळीतला एकरभर तुकडा वाट्यानं दिलाय. हळद निघाल्यावर तो नांगरून उघडा टाकला होता. मोठमोठी ढेकळं, हरळीच्या मुळ्या वर आलेल्या, वाळत. बाजूच्या हिरव्या उसापुढं ते रान अगदी भकास दिसायचं. पाणी द्यायचं का, असं मी वाट्यावाल्याला विचारलं तर तो बघतच राहिला माझ्याकडे. तापू दे की, म्हणाला, त्यासाठीच तर उघडं टाकलंय. किडीची अंडी मरतात, तण जळतं. वर्षातनं एकदा जमिनीला कायबी करायला लावायचं नसतं.

एक वळीव मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. चारला आभाळ काळं, धुळीचा लोट, चिंचेच्या फांद्या रस्त्यावर, वीज गेली ती दुसऱ्या दिवशी आली. मी देवळात अडकले होते. बाहेर धो धो आणि आत टप्. टप्. बाहेरच्या पावसाशी भांड्यातल्या पाण्याला काही देणंघेणं नव्हतं. मामा पायरीवरून आत सरकून बसले होते, भिजलेली तंबाखू हातात घेऊन तिच्याकडे दुःखानं बघत.

7 जूनला मृग लागला. गुरवकाकांनी तिकाटणं उचलून कोपऱ्यात ठेवलं, मी भांडं पिशवीत घालून घरी आणलं. दोन महिन्यांत तांबं काळवंडलेलं, बुडाला हिरवट पुटं. आईनं चिंच भिजत घातलीच होती. तिचा हात अजून पुरता वळत नव्हता, म्हणून भांडं मी धरलं आणि घासलं तिनं, तीन बोटांनी, मीठ लावून, न बोलता. आधी काठ लाल झाला, मग पोट, मग बूड. सुईनं भोक मोकळं केलं. मोरीत उभी राहून तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि मागच्या दाराच्या उजेडापुढं उलटं धरलं. मग माझ्याकडे सरकवलं.

"माझ्या डोळ्याला आता कळत नाही. बघ, दिसतंय का पलीकडचं?"

मी डोळा लावला. फणसाचं एक पान दिसत होतं, आणि त्याच्या टोकाला लोंबणारं पाणी.